शंभर वार!

या वीकएंडला जरा वेगळा विषय घेतोय. कुठल्याही कॉलेजच्या गेटवर एक पाटी असते. बहुतेकांनी ती पाहिलेली असते, पण वाचलेली फारशी कुणी नसते. मजकूर साधारण असा, की या शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत सिगारेट किंवा अन्य तंबाखूजन्य पदार्थ विकणे हा गुन्हा असून दोनशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शेजारी हल्ली आणखी एक पाटी दिसते, "अमली पदार्थमुक्त परिसर". त्या दुसऱ्या पाटीवर ना यार्ड असतात, ना रुपये.

मला आधी खटकला तो यार्ड. आपण १९५६ साली कायदा करून मेट्रिक मापं घेतली. शेर-मण गेले, मैल गेले, आणे-पैही गेले. आणि २००३ साली संसदेने केलेल्या कायद्यात यार्ड? मराठीत या मापाला वार म्हणतात, आणि ते आता फक्त साड्यांपुरतं उरलंय. म्हणजे हिशोब करा, अकरा नऊवारी साड्या कॉलेजच्या भिंतीपासून एकापुढे एक पसरल्या की ९९ वार होतात. वर एक वार ब्लाऊजपीसचा धरा. तिथे तंबाखूबंदीची हद्द संपते आणि मामांची टपरी सुरू होते :)

चेष्टा सोडा. पण या शंभर वारांमागे नि त्या दुसऱ्या, मापं नसलेल्या पाटीमागे मोठा इतिहास आहे. एकाच गेटवर शेजारी लावलेल्या या दोन पाट्या दोन अगदी वेगळ्या रस्त्यांनी तिथवर पोचल्यात. आणि गंमत म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी विचारलं असतं, तर यातली कडक पाटी कुठली याबद्दल सरकारचं मत बरंच वेगळं निघालं असतं.

तंबाखू मुळात आपला नाही. अमेरिकेतून पोर्तुगीजांमार्फत तो इकडे आला आणि दख्खनमध्ये आधी रुजला. अकबराचा एक सरदार असद बेग विजापूरला गेला होता. तिथे त्याने हा प्रकार पहिल्यांदा पाहिला आणि १६०४-०५ च्या सुमारास एक नक्षीदार चिलीम नि तंबाखू बादशहाला भेट म्हणून आग्र्याला नेला. अकबराने दोन-चार झुरके घेतले. दरबारी हकीम म्हणाले, या औषधाची आपल्या ग्रंथांत नोंद नाही, पारखलेलं नाही, घेऊ नये. असद बेगने वाद घातला, की प्रत्येक गोष्ट कधीतरी नवीनच असते. बादशहाने सवय लावून घेतली नाही, पण सरदारांनी घेतली. मग व्यापारी आलेच. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली. इराणच्या शाह अब्बासनेही घातली होती. त्याच शाहच्या दरबारी जहांगीराचा वकील म्हणून गेलेला खान आलम इतका तलबी होता, की त्याच्यापुरती शाहला सवलत द्यावी लागली. बंदी आली की तिच्या पाठोपाठ सवलत येतेच, हे तेव्हापासूनचं आहे.

शिक्षणसंस्थेतली बंदीही जुनीच. १६१५ साली इंग्लंडचा राजा जेम्स केंब्रिजला यायचा होता. त्याला तंबाखूचा भयंकर तिटकारा. १६०४ मध्ये त्याने तंबाखूविरुद्ध स्वतः पुस्तिका लिहिली होती. तेव्हा विद्यापीठाने हुकूम काढला, की राजेसाहेबांचा मुक्काम असेपर्यंत कुणीही विद्यार्थी दारूच्या गुत्त्यावर किंवा तंबाखूच्या दुकानात जाणार नाही, आणि सेंट मेरीच्या चर्चमध्ये नि ट्रिनिटी कॉलेजच्या हॉलमध्ये तंबाखू ओढणार नाही. मोडला तर विद्यापीठातून कायमचं नाव कमी. आपल्याकडे नॅकची कमिटी येणार म्हटल्यावर कॉलेजातल्या जिन्याचे कोपरे जसे रातोरात पांढरेशुभ्र होतात, तसाच प्रकार. कमिटी गेली की कोपरे परत लाल.

असो. आता खरी गोष्ट, गांजाची.

२ मार्च १८९३ ला ब्रिटिश संसदेत हिंदुस्थानातल्या गांजाचा प्रश्न निघाला. तिकडे दारूबंदीवाल्या मंडळींचा जोर होता आणि हिंदुस्थानातले वेड्यांचे दवाखाने गांजाने भरलेत, अशी बोलवा होती. सरकारने चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग, एकूण सात सभासद, त्यात तिघे भारतीय. १८९३-९४ या काळात या लोकांनी देशभर फिरून ११९३ साक्षीदार तपासले आणि तीन हजारांहून जास्त पानांचा अहवाल दिला. तेवढी मेहनत नंतर या विषयावर फार कमी वेळा घेतली गेली असेल.

त्या अहवालातला मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे वेड्यांच्या इस्पितळांचा. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना तर तो कोर्समध्ये लावायला हवा. झालं असं, की इस्पितळात माणूस दाखल करताना एक फॉर्म भरावा लागे आणि त्यात "वेडाचं कारण" असा रकाना असे. रोगी बरेचदा पोलिसांनी रस्त्यावरून आणलेला. नातेवाईक नाहीत, गाव ठाऊक नाही. रकाना तर भरायलाच हवा. मग कुणीतरी विचारायचं, गांजा ओढतो का? हो किंवा "ओढत असेल" एवढं उत्तर आलं की कारण: गांजा. लिहून मोकळे. वर्षाअखेरीस या नोंदींचा तक्ता व्हायचा आणि तो तक्ता लंडनपर्यंत पुरावा म्हणून जायचा.

आयोगाने काय केलं, तर १८९२ या एका वर्षातल्या दाखल्यांपैकी ज्यांचं कारण गांजा-भांग-चरस लिहिलं होतं असे २२२ जण काढले आणि प्रत्येकाच्या मागे जाऊन पुन्हा चौकशी केली. गावात, घरी, शेजाऱ्यांकडे. २२२ पैकी फक्त ९८ प्रकरणांत अमली पदार्थाशी संबंध धरता येईल असं निघालं, आणि त्यातही निव्वळ तेच कारण म्हणता येईल अशी ६१. बाकीच्यांत काय? कुणाला घराण्यातच आजार, कुणाला फेफरं, आणि कुणी तर आयुष्यात गांजाला शिवलेला नाही! सक्तीचा रकाना आणि घाईत असलेला कारकून एकत्र आले की कसला डेटा तयार होतो, हे बघायचं असेल तर हा अहवाल वाचा.

निष्कर्ष असा, की माफक सेवनाने बहुतेकांना विशेष अपाय होत नाही, अतिसेवन वाईट, आणि सरसकट बंदीची गरज नाही. कर लावा, परवाने द्या, लागवडीवर नजर ठेवा. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याखाली हेच चाललं होतं, तेच पुढे चालू राहिलं. गांजा सरकारमान्य दुकानात मिळायचा. अर्थात इथे एक लक्षात ठेवायला हवं, की या सरकारला अबकारीतून पैसा मिळत होता, आणि आयोगापुढे आलेला गांजाही आजचा नव्हता. आज बाजारात येणारा माल बराच तीव्र असतो, आणि कोवळ्या वयात रोज, जास्त ओढणाऱ्यांमध्ये गंभीर मानसिक आजाराचा धोका वाढतो हे नंतरच्या संशोधनात वारंवार दिसलंय. तेव्हा "१८९४ मध्येच सिद्ध झालंय, काही होत नाही" असं म्हणत त्या अहवालाची लिंक फॉरवर्ड करणाऱ्या मित्रांना माझा नमस्कार. त्यातलं कारकुनाचं प्रकरण घ्या, औषधशास्त्र घेऊ नका.

तंबाखूबद्दल या काळात कुणाला काय वाटत होतं? फारसं काही नाही. पंजाबात १९१८ ला आणि बंगालमध्ये १९१९ ला मुलांच्या धूम्रपानाविरुद्ध छोटे कायदे झाले, सोळाच्या आतल्या मुलांना तंबाखू विकू नये म्हणून. मुंबईतही १९१२ साली एक धूर-उपद्रव कायदा झाला होता, पण तो गिरण्यांच्या धुराड्यांसाठी! माणसांच्या तोंडातून निघणाऱ्या धुराची दखल घ्यायला मुंबईला अजून बराच अवकाश होता.

मग पारडं फिरलं कसं? गांजाच्या बाबतीत दोन टप्पे. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने दारूबरोबर गांजालाही कवेत घेतलं. आणि १९६१ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा अमली पदार्थांचा एकत्रित करार झाला. त्यात गांजा अफू-हेरॉइनच्या पंक्तीत बसला. आपल्यासारख्या देशांना जुन्या रिवाजातून बाहेर पडायला पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. ती मुदत संपत आली तेव्हा, १९८५ मध्ये, आपण एनडीपीएस कायदा केला. १४ नोव्हेंबर १९८५ पासून तो लागू झाला. बालदिन! चरस आणि गांजा म्हणजे राळ आणि फुलोरा बेकायदा, पण नुसती पानं व्याख्येच्या बाहेर. म्हणून भांग वाचली. एकाच झाडाचा शेंडा तुरुंगात आणि पान होळीच्या थंडाईत.

त्या १९६१ च्या करारात तंबाखू नव्हताच. असणार कसा? करार लिहिणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या हातात सिगारेट असेल (हा माझा अंदाज, पण त्या काळातले बैठकांचे फोटो पाहा). फुप्फुसाच्या कर्करोगाशी सिगारेटचा संबंध दाखवणारे मोठे अभ्यास १९५० मध्येच इंग्लंड-अमेरिकेत छापून आले होते. आपल्याकडे त्याचा पहिला परिणाम दिसला तो १९७५ च्या सिगारेट कायद्यात. पाकिटावर बारीक अक्षरात एक इशारा. बिडीला तो कायदा लागू नाही, गुटखा-जर्द्याला नाही, आणि कॉलेजसमोर विकू नका वगैरे तर काहीच नाही.

ते सुरू झालं नव्वदीत. दिल्लीने १९९६ मध्ये कायदा केला, त्यात शाळा-कॉलेजांपासून शंभर मीटरच्या आत विक्रीला बंदी होती. मीटर बरं का! गोव्याने १९९७ च्या कायद्यात धूम्रपानाबरोबर थुंकण्यालाही नावातच जागा दिली, हे फार शहाणपणाचं काम. १९९९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान बेकायदा ठरवलं. आणि मग आपले मुंबईचे मुरली देवरा. मुंबईचे माजी महापौर, खासदार. त्यांच्या याचिकेवर २ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी आदेश दिला, की दवाखाने, शिक्षणसंस्था, ग्रंथालयं, न्यायालयं, सरकारी कचेऱ्या, रेल्वेसकट सार्वजनिक वाहनं, इथे धूम्रपान बंद. न ओढणाऱ्याने दुसऱ्याचा धूर का गिळायचा, हा त्यातला सरळ मुद्दा होता. देवरांच्या राजकारणाबद्दल कुणाचं काहीही मत असो, आज तुम्ही एसटीत बसून धुराशिवाय प्रवास करता, त्यात या माणसाचा वाटा आहे. तिशीच्या आतल्या वाचकांना हे खरं वाटणार नाही, पण एकेकाळी शेजारचा प्रवासी खिडकी बंद करून बिडी पेटवायचा आणि कुणी काही बोलायचं नाही.

त्याच वर्षी संसदेत आलेलं विधेयक २००३ मध्ये कायदा झालं, आणि त्यातल्या सहाव्या कलमात दिल्लीच्या मीटरचे यार्ड झाले. अठराच्या आतल्यांना विक्री नाही, आणि शिक्षणसंस्थेभोवती शंभर यार्डांच्या त्रिज्येत कुणालाच नाही. बहुतेक कायदा १ मे २००४ ला लागू झाला, शंभर यार्डांची अट १ डिसेंबर २००४ ला. नियमांत अंतर कुठून मोजायचं तेही लिहिलंय: कुंपणाच्या किंवा भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून, त्रिज्येने. म्हणजे "रस्त्याने वळसा घालून आलं तर दीडशे मीटर होतात साहेब" हा टपरीवाल्याचा युक्तिवाद चालत नाही.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला आणि हिशोब करून बघितला. शंभर यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. समजा कॉलेजचा चौकोनी प्लॉट आहे, बाजू २०० मीटरची, म्हणजे चार हेक्टर. त्याच्याभोवती ही पट्टी काढली तर तिचं क्षेत्रफळ भरतं जवळपास दहा हेक्टर! कॉलेजच्या अडीचपट. आणि यार्डाऐवजी मीटर असते तर आणखी सव्वा हेक्टर वाढलं असतं, म्हणजे तीन एकर. साडेआठ मीटरांनी एवढा फरक. आता पुण्याच्या पेठांत किंवा दादरला किती शाळा, किती क्लासेस, किती कॉलेजेस आहेत ते आठवा आणि प्रत्येकाभोवती ही वर्तुळं काढा. वर्तुळं एकमेकांवर चढतात. रेषा काढायचा अर्थच हा, की एका बाजूला जे चालत नाही ते दुसऱ्या बाजूला चालतं. सगळंच आत आलं की दुकानदाराला हलायला जागा उरत नाही, मग तो हलतच नाही. दोनशे रुपये दंड हा धंद्याचा खर्च म्हणून बाजूला काढून ठेवतो.

हे नुसतं माझ्या कागदावरचं नाही. अमेरिकेत १९८४ पासून शाळेभोवती हजार फुटांत अमली पदार्थ विकले तर वाढीव शिक्षा, असे कायदे होत गेले. न्यू जर्सी राज्यात याचा आढावा घेणाऱ्या आयोगाला २००५ मध्ये आढळलं, की नेवार्क शहराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग या ना त्या शाळेच्या वर्तुळात येतो. विक्रेते शाळेपासून लांब गेले का? नाही, जाणार कुठे? पण त्या कलमाखाली तुरुंगात गेलेल्यांपैकी ९६ टक्के कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक निघाले, कारण दाट वस्तीत तेच राहत होते. २०१० मध्ये त्यांनी कायदा सैल करून निर्णय न्यायाधीशांवर सोडला.

आपल्या एनडीपीएसमध्ये २००१ च्या दुरुस्तीने असंच एक कलम आलं. शिक्षणसंस्थेत किंवा तिच्या अगदी जवळ गुन्हा घडला, तर किमान शिक्षेपेक्षा जास्त देताना न्यायालय ते लक्षात घेऊ शकतं. किती जवळ? आकडा नाही. मात्र गांजा किती, त्याला आकडा आहे: एक किलोपर्यंत अल्प प्रमाण, वीस किलोच्या वर व्यापारी. अल्प प्रमाण जवळ बाळगलं तरी एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसता ओढल्याचं सिद्ध झालं तर सहा महिन्यांपर्यंत. म्हणजे तंबाखूचा कायदा मुख्यतः जागेवर आणि दुकानावर रोखलेला आहे, तर गांजाचा माणसावर. वीस वर्षांच्या मुलाच्या खिशात सिगारेट सापडली तर तो गुन्हाच नाही, पेटवली तर दोनशेची पावती. त्याच सिगारेटमधला तंबाखू अर्धा काढून त्यात गांजा भरला, तर एफआयआर. मग पासपोर्टच्या वेळचं पोलीस व्हेरिफिकेशन, नोकरीतली बॅकग्राउंड तपासणी, सगळीकडे तो कागद पाठीमागे.

आता प्राचार्यांच्या खुर्चीत बसा. २००८ च्या नियमांनी त्यांना धूम्रपानाचा दंड करायचे अधिकार दिलेत, पावतीपुस्तक त्यांच्या टेबलावर आहे. गांजाच्या बाबतीत टेबलावर आहे फक्त फोन. पोलिसांना लावायचा, किंवा न लावता प्रकरण आतल्या आत मिटवायचं.

मी ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात होतो (नाव नको, जिल्ह्याचं गाव होतं एवढं पुरे), तिथे नव्वदीच्या शेवटी दुसराच मार्ग निघाला. हॉस्टेलवर धाड पडली. सेकंड इयरचा एक मुलगा सापडला, चिलीम आणि चिमूटभर माल. पोलिसांना कळवलं नाही, चौकशी नाही, वडिलांना बोलावून दुसऱ्या दिवशी दाखला हातात दिला. वडील एसटीत कंडक्टर होते. गेटबाहेर बॅगा घेऊन उभे होते, मुलाशी एक शब्द बोलत नव्हते. आम्ही सगळे समोरच्या टपरीवर उभे राहून बघत होतो. त्या टपरीवर त्याची पहिली सुटी सिगारेट आमच्यापैकीच कुणीतरी पाजलेली होती, आणि दाखला देणारे सर दुपारी तिथेच चहाबरोबर एक ओढायचे. त्याला कुणी डॉक्टरकडे नेलं असतं तर काय झालं असतं, ते मला ठाऊक नाही. पण कायद्यात तशी सोय तेव्हाही होती. व्यसनी माणूस पहिल्यांदा, अल्प प्रमाणात सापडला आणि स्वतःहून उपचाराला तयार झाला तर खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं, आणि दोषी ठरल्यावरही न्यायालय तुरुंगाऐवजी उपचारासाठी सोडू शकतं. हे कुठल्याच कॉलेजच्या पाटीवर लिहिलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. गेटवर दंड लिहायचा आणि सुटकेचा रस्ता लिहायचा नाही, हे मला पटत नाही. ज्याला मदत हवी तो पोरगा ती पाटी वाचून आणखी लपतो.

आणि तंबाखूच्या पाटीतही एक भोक आहे. भलं मोठं. २००३ च्या कायद्याने सार्वजनिक ठिकाणी मनाई केली ती धूम्रपानाला. चघळण्याला नाही! विक्रीचं कलम सगळ्या तंबाखूला आहे, पण वापराचं कलम धुरापुरतं. महाराष्ट्रात खरा प्रश्न कुठला आहे? २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. त्यात ओढणारे ३.८ टक्के आणि तोंडात ठेवणारे २४.४ टक्के. आकडे पुन्हा वाचा. म्हणजे कायद्याचा सगळा जोर जिथे लावला, तिथे आपल्याकडचा प्रश्न एक सप्तमांश आहे. वर्गात शेवटच्या बाकावर बसून गालात गोळी धरलेल्या मुलाचा धूर निघत नाही, वास येत नाही, तक्रार होत नाही. त्याची आई घरी मशेरी लावत असते, आजोबांच्या कनवटीला चंची असते, त्यामुळे त्याला आपण काही करतोय असंही वाटत नाही. मग पस्तिशीत तोंड उघडेनासं होतं. परळच्या टाटा हॉस्पिटलच्या फुटपाथवर एक दुपार उभं राहिलात की बाकी आकडेवारी लागत नाही.

राज्याने इथे प्रयत्न केले नाहीत असं नाही. २००२ मध्ये महाराष्ट्राने गुटखाबंदी केली, २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, कारण वापरलेल्या कलमाखाली राज्याला तो अधिकारच नव्हता. २०१२ मध्ये नव्या अन्नसुरक्षा कायद्याखाली पुन्हा बंदी आली आणि दर वर्षी तिची मुदत वाढवत नेली. सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट-बिडीच्या विक्रीवरही राज्यात बंदी आली. ही माझ्या मते गेटवरच्या पाटीपेक्षा जास्त महत्त्वाची गोष्ट होती. विद्यार्थ्याला पाकीट परवडत नाही, एक परवडते. तरुण पोरगा सुरुवात पाकिटाने करत नाही. पण टपरीवर आजही ताकातल्या लोण्यासारखं उघड पाकीट फोडलेलं दिसतं आणि शेजारी लायटर दोरीला बांधलेला असतो. तो लायटर कशासाठी असतो, हे तपासनीसाला कळायला हरकत नव्हती.

टपरीवाल्याबद्दलही एक सांगायला हवं. त्याच्या फळीवर बिस्किटं, वेफर्स, शेंगदाण्याच्या पुड्या, च्युइंगम सगळं असतं, पण त्यावर पोट भरत नाही. गिऱ्हाईक थांबतं ते सिगारेटसाठी, आणि थांबलं की बाकीचं घेतं. त्याला नुसतं उठवलं तर तो ९२ व्या मीटरवर जाऊन बसतो. काही कॉलेजांनी मात्र त्यालाच आवारात चहा-पोह्याचा स्टॉल दिला, अट एकच, तंबाखू ठेवायचा नाही. मला हा मार्ग दंडापेक्षा शहाणा वाटतो. निदान पोरांना उभं राहून गप्पा मारायला दुसरी जागा तरी मिळते. कारण टपरीवर आम्ही जायचो ते निम्म्या वेळा सिगारेटसाठी नसायचंच, ग्रंथालय साडेपाचला बंद व्हायचं आणि हॉस्टेलवर बसायला खुर्ची नव्हती म्हणून.

केंद्राच्या आरोग्य खात्याने तंबाखूमुक्त शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्यात. त्यात गुणपत्रक आहे, शिक्षकांनीही आवारात तंबाखू वापरायचा नाही असं आहे, आणि एक गमतीदार काम आहे: भिंतीपासून शंभर यार्ड मोजून रस्त्यावर पिवळी रेघ मारायची. मोजायला टेप कुठला वापरतात, मला बघायचंय. बाजारात मिळणाऱ्या टेपवर एका बाजूला फूट असतात, दुसऱ्या बाजूला सेंटीमीटर. वार फक्त कापडवाल्याच्या गजावर सापडतील.

शेजारच्या कर्नाटकने आपल्यापुरती दुरुस्ती केली. २०२५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळून ती लागू झाली. खरेदीचं वय अठराचं एकवीस, सुटी विक्री बंद, दंड हजार रुपये, आणि शंभर यार्डांचे शंभर मीटर. महाराष्ट्राने २०१८ मध्ये याच कायद्यात दुरुस्ती केली होती, पण ती कमला मिलच्या आगीनंतर हुक्का पार्लरांसाठी. सहाव्या कलमाला तेव्हा हात लागला नाही. तेव्हा बेळगावात रेघ शंभर मीटरवर आणि कोल्हापुरात ९१.४४ वर.